डावी बाजू

कंपूच्या उतारावर तो पहिल्यांदा आला,
मार्चमध्ये, जयारोग्यातून परत येताना.
टक्.
मग बराच वेळ काही नाही.
मग दूध डेअरीसमोरच्या गतिरोधकावर
टक् टक्,
कुणी आतून कडी चाचपावी तसा.

"ऐकलंत?" मी म्हटलं.
"जुनी गाडी," हे म्हणाले, "बोलणारच."

सदुसष्टची हेरल्ड.
वडिलांनी लग्नात किल्ली माझ्या हातात दिली,
जावयाच्या नाही,
आणि मांडवात दोन्हीकडची माणसं गप्प झाली.
हे कधी शिकलेच नाहीत चालवायला.
पंचेचाळीस वर्षं डावीकडे बसून,
दारावरची कडी धरून,
"हळू, म्हैस आहे,"
एवढंच काय ते त्यांचं ड्रायव्हिंग.

मी वहीत टिपायला लागले.
तारीख, रस्ता, वेग, डावं वळण की उजवं.
एका पानावर नुसतंच:
नई सडक, रात्र, दोनदा, हे झोपले होते.

शिंद्यांच्या छावणीतला इर्शाद मिस्त्री नव्वद किलोचा,
तो बसला की गाडी त्याच्याकडे मान टाकते.
फूलबाग ते पडावाचा पूल, दोन फेऱ्या.
तोंडातून ब्र नाही.
"माताजी, गाड़ी तो चुप है."
डॉक्टर दिसताच ताप उतरलेल्या पोरासारखी
ती उभी, आणि खोटी पडले मी.

तिसऱ्या खेपेला त्यानं बॉनेट पुढे उलटं केलं.
पहार घालून विशबोन हलवले,
शॉकर काढून छातीशी धरून दाबले,
ट्रनियनमध्ये गिअरचं तेल भरलं,
तिथे ग्रीस भरणाऱ्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या
आणि मग कान पकडून माझी माफी मागितली.
सगळं घट्ट.
मी एकटी निघाले. पोस्टाच्या कोपऱ्यावर
टक्.

मागे फिरले, तर तो चहा पीत उभा होता.
माझ्याकडे नाही, रिकाम्या सीटकडे बघत म्हणाला,
"इधर कौन बैठता है?"

दाल बाजारातून दहा दहा किलोच्या पिशव्या आल्या.
पोरगा एकेक रचत गेला, मी चालवत गेले,
इर्शाद फुटपाथवरून कान देऊन धावत.
पन्नास. टक्.
साठ. टक्.
सत्तर. अगदी बारीक, असला-नसलासा.
ऐंशी.
काही नाही.

डावं खालचं बुश, तो म्हणाला. आजचं नाही,
दहा वर्षांपूर्वीच गेलेलं.
वजन असलं की लोखंड एका अंगाला रेलून गप्प बसतं.
वजन उतरलं की हलायला लागतं.

मी वही उलटी केली.
मागच्या बाजूनं तिच्यात दुसरंच काही लिहिलेलं असतं.
दिवाळी, ब्याऐंशी.
संक्रांत, चौऱ्याहत्तर.
मार्च, सदुसष्ट.
परवा, चौपन्न.

"दिल्लीहून येईल," इर्शाद सांगत होता,
"कश्मीरी गेट, आठ-दहा दिवस.
तोवर सीटमागे गव्हाचं पोतं टाका."
त्यानं पैसे घेतले नाहीत. का, ते विचारलं नाही.

संध्याकाळी ह्यांना मफलर गुंडाळून बसवलं.
कडी आता त्यांना उंच पडते,
हात वर जातो, थोडा थांबतो, मांडीवर परत येतो.
कंपूचा उतार. डेअरी. गतिरोधक.
"गेला?"
"गेला."
मान वळवून ते पोत्याकडे बघत राहिले.
"केवढ्याचं?"
"तीस किलो."

पोस्टाचा कोपरा मागे पडला.
मला वाटलं, डोळा लागला असेल.
जन्मभर बँकेत दुसऱ्यांचे हिशेब तपासलेला माणूस.

"दोन किलो जास्त घातलेस," म्हणाले.
आणि मग,
"हळू. म्हैस आहे."